एक सोबती किंवा एक डूला

बेलेम,
४ एप्रिल

दोना ऑस्कारिना यांना,
जावई एदिनेल्सनचा नमस्कार.

तुमचं पत्र बोटवाल्याने आणून दिलं. पाकीट ओलं झालं होतं, पण वाचता आलं. लुसिदेया बरी आहे. पाय सुजतात, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो, राग मानू नका. तुम्ही पत्रात दोन ठिकाणी लुसिदेयाच्या नावातलं एक अक्षर गाळलं आहे. आईनेच मुलीचं नाव चुकवलेलं बरं दिसत नाही. मी सहावीच्या पुढे शिकलो नाही, पण बोटींवर नावं रंगवून पोट भरतो. चुकलेलं अक्षर मला घासातल्या खड्यासारखं लागतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही बाळंतपणासाठी येणार, दोन कोंबड्या आणि तेलाची बाटली आणणार, असं लिहिलं आहे. येऊ नका. इथली पद्धत वेगळी आहे. सरकारी प्रसूतिगृहाच्या फाटकावर मोठा फलक लावला आहे. मी स्वतः समोर उभा राहून तो वाचला. 'बाळंतिणीबरोबर एक सोबती किंवा एक डूला.' म्हणजे आत एकच माणूस. कोंबड्या तर नाहीतच.

डूला म्हणजे काय हे तुम्हाला तिकडे ठाऊक असणं शक्य नाही, म्हणून लिहितो. ती सुईण नव्हे आणि नर्सही नव्हे. ती बाळंत होणाऱ्या बाईच्या जवळ राहते. कंबर चोळते, पाणी पाजते, हात धरते, डॉक्टर काय बोलले ते सोप्या भाषेत सांगते. आमच्या वस्तीत अशा बायकांचा एक गट आहे. त्यातल्या सोलांझबाई लुसिदेयाकडे येऊ लागल्या आहेत. विद्यापीठात शिकलेल्या आहेत. येताना एक मोठा रबरी चेंडू आणतात आणि त्यावर तिला बसवून डोलवतात. मला पहिल्या दिवशी हसू आलं, पण शिकलेली माणसं उगाच काही करत नाहीत.

मी पुष्कळ विचार करून ती एक जागा सोलांझबाईंना द्यायचं ठरवलं आहे. मी बाहेर थांबेन. तुमच्या बेटावर घरभर बायका गोळा होतात, एक ओरडते, दुसरी धूर करते, तिसरी देवाला नवस बोलते. इथे तसं चालत नाही.

मुलीच्या भल्याचं आहे, हे लक्षात घ्या.

एदिनेल्सन


सांता क्वितेरिया,
९ एप्रिल

जावईबापू,

पोट माझं, पोरगी माझी, नाव मी ठेवलेलं, आणि अक्षरं तू मोजतोस. मोज बाबा. नाहीतरी तुला दुसरं काय मोजता येतं?

तुझं पत्र मी शेजारणीला वाचून दाखवलं. विचारलं, "अगं, डूला म्हणजे काय असेल?" ती म्हणाली, "मासा असेल. काटे फार असतील." मी म्हटलं, नाही गं, भाड्याची आई आहे. मेलेल्यापुढे रडायला भाड्याच्या बायका बोलावतात हे ऐकलं होतं. जन्माला येणाऱ्यापुढे उभी राहायला पण बाई आणतात, हे आज कळलं. आणि येताना चेंडू घेऊन येते म्हणे! पोरगी बाळंत होणार आहे की जत्रेत कसरत करणार आहे?

हात धरायला बाई लागते, असं तू लिहितोस. तुझ्या हाताला काय झालंय रे? ब्रश धरता येतो, ताडीचा पेला धरता येतो, बायकोचा हात तेवढा धरता येत नाही?

घरभर बायका म्हणून नाक मुरडतोस. मुरड. मी काही त्या घराची आरती ओवाळत नाही. माझी दोन पोरं त्याच घरात गेली, सगळ्या बायकांच्या देखत. तेव्हा जवळ हॉस्पिटल असतं तर मी नदी पोहून गेले असते. म्हणून तर पोरगी शहरात दिली. डॉक्टर मिळावा म्हणून दिली. डॉक्टरच्या फाटकावरचा फलक वाचणारा मिळावा म्हणून नाही.

एकच विचारते, त्याचं सरळ उत्तर दे. तुझी चेंडूवाली किती वेळ थांबणार? पोर बाहेर येईपर्यंत, की नंतरही? पोर बाहेर आलं की सगळी माना वळवून पोराकडे बघतात. नाक कुणाचं, रंग कुणाचा. बाई बाजूला पडलेली असते, सोललेल्या कोळंबीसारखी. तेव्हा तिच्याजवळ कोण बसणार? फलकावर लिहिलं असेल तर कळव.

येऊ नको म्हणालास, येत नाही. जावयाच्या दारात बिनबोलावलं जायची आमच्यात रीत नाही. कोंबड्या पाठवल्या आहेत. त्यांच्या नावात चूक निघणार नाही, त्यांना नावं नाहीत.

ऑस्कारिना


बेलेम,
२३ एप्रिल

दोना ऑस्कारिना यांना,

तुम्हाला नात झाली. वजन चांगलं आहे, रडणं त्याहून चांगलं आहे. हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचून तुम्ही घाबरू नये. लुसिदेया अजून प्रसूतिगृहातच आहे, पण धोका टळला आहे.

सगळं क्रमाने लिहितो.

एकोणीस तारखेला सकाळी कळा सुरू झाल्या. मी सोलांझबाईंना बोलावलं. आम्ही तिघं फाटकावर गेलो. फाटकावरचा माणूस जाडजूड, दातांत काडी. चेंडू बघून म्हणाला, "ही ताई कोण? आई का?"

"डूला," सोलांझबाई म्हणाल्या.

"दुला? हा कुठला देश?"

"तुमच्या फलकावर लिहिलंय, दादा."

त्याने मान वर करून फलक बघितला, जणू तो काल रात्री कुणी तरी गुपचूप लावून गेलं असावं. मग म्हणाला, "मग नवरा बाहेर. दोघांपैकी एक." मी म्हटलं, ठरलेलंच आहे. त्याने सोलांझबाईंचं नाव लिहून घेतलं आणि त्यांना आत सोडलं. मी समोरच्या आंब्याखाली थांबलो. दुपारी त्या एकदा बाहेर आल्या, माझ्याशी थोडं बोलून परत गेल्या. पाऊस येऊन गेला.

बाळ झाल्याबरोबर सोलांझबाई पुन्हा बाहेर आल्या. तोंड लाल. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हाकललं मला. डॉक्टर म्हणतो, बाळ बाहेर आलं, आता तूही बाहेर. गाणीबिणी घरी जाऊन म्हण." त्यांनी फाटकावर पुष्कळ वाद घातला. त्यांचा आवाज चांगला चढतो, हे तेव्हा कळलं. काही उपयोग झाला नाही. मग मी आत जायला निघालो, तर म्हणाले, बाळंतिणींचा वॉर्ड सामाईक आहे, पुरुषाला भेटीच्या वेळेतच सोडतात. त्यामुळे त्या वेळी लुसिदेयाजवळ कोणी नव्हतं. यात माझी चूक नाही.

थोड्या वेळाने एक नर्स फाटकावर आली. "चौदा नंबरचा माणूस कोण?"

मी हात वर केला.

तिने आवाज खाली आणला. "तुमच्या सासूबाई वारल्या का हो?"

मी म्हटलं, "नाही. परवाच त्यांच्या कोंबड्या आल्या."

"मग ती सारखी आई वर गेली, आई वर गेली म्हणून का रडतेय? आम्हाला वाटलं बातमी आली असेल. बिचारीला मोकळेपणाने रडता यावं म्हणून आम्ही पडदा ओढून घेतला."

मी तिला सांगितलं, सासूबाई ठणठणीत आहेत, बेटावर आहेत, तिला म्हणावं रडू नको. नर्स म्हणाली, "असू दे, बाळंतिणी बडबडतात." आणि गेली.

त्यानंतर शेजारच्या खाटेवरच्या बाईला पडद्याखालून फरशीवर रक्त आलेलं दिसलं. तिने आरडाओरडा केला. लुसिदेयाला घाईने शस्त्रक्रियेच्या खोलीत नेलं. गर्भाशय आवळलं नव्हतं, सैल पडलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. रक्त द्यावं लागलं. आता रक्त थांबलं आहे, ताप मात्र आहे.

तुम्हाला बरं वाटेल म्हणून लिहितो, एवढ्या संकटात तिला तुमचीच आठवण झाली. माझं नाव तिने घेतलं नाही.

एदिनेल्सन


सांता क्वितेरिया,
२६ एप्रिल

गाढवा,

जावईबापू लिहायला हात वळत नाही, आणि गाढवाची माफी मागायला गाढव जवळ नाही.

ती मला हाक मारत नव्हती.

नीट वाच, तुला वाचायची फार हौस आहे ना. प्रत्येक बाईच्या पोटात बेंबीपाशी देहाची आई असते. नऊ महिने पोर तिच्याजवळ असतं. पोर बाहेर गेलं की ती त्याला शोधायला निघते. धडधडते, गोळा होते, वर चढते. म्हणून बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून तिला समजावून जागेवर बसवायचं असतं, की बाई गं, पोर बाहेर आहे, खुशाल आहे, तू घरी बस. आई वर गेली म्हणजे ही आई वर गेली. आमच्याकडे दात न पडलेली पोरगीसुद्धा एवढं ओळखते.

तुमचे डॉक्टर तिला दुसरं काही म्हणत असतील. म्हणोत. माझं भांडण शब्दाशी नाही. पोरगी जीव तोडून सांगत होती की माझ्या पोटात बिघडलंय, आणि तुम्ही शहाण्यांनी पडदा ओढून माझं सुतक पाळलंत! मी इथे मासे साफ करत होते, आणि तिकडे माझ्या मरणाचा मान राखून माझ्या पोरीला मारायला निघालात. पुष्कळ मूर्ख बघितले, पण इतके सभ्य मूर्ख नाही बघितले.

"तुम्हाला बरं वाटेल म्हणून लिहितो." हे वाक्य मी जपून ठेवणार आहे. तू मेलास की दगडावर कोरायला देईन.

ती नर्स, जिला "कोण आई? कुठे गेली?" हे दोन शब्द विचारायला जड झाले. तो डॉक्टर, ज्याला वाटतं पोर काढलं की बाई संपली, जशी असाईच्या फळांचा रस गाळून घेतल्यावर बी फेकतात. तुझी चेंडूवाली, ती शिकलेली, बाहेर उभं राहून आवाज चढवत बसली. आणि तू, चार पावलांवर, आंब्याखाली. आणि मी, जी तुझ्या एका पत्राने घरी बसले. मीच सगळ्यात मोठी मूर्ख.

गुरुवारच्या बोटीने येते आहे. या वेळी विचारत नाही.

ऑस्कारिना


बेलेम,
३० एप्रिल

दोना ऑस्कारिना यांना,

ही चिठ्ठी धक्क्यावर, बोटींच्या तिकीटवाल्याकडे ठेवतो आहे. मी स्वतः येऊ शकत नाही, एका मोठ्या बोटीचं नाव अर्धं रंगवून झालं आहे.

तुम्ही मला जे म्हटलं ते म्हटलं. मी तुमच्याइतका खाली उतरणार नाही. मी डॉक्टरांना देहाच्या आईबद्दल विचारलं. ते हसले. असा कोणताही अवयव नाही. मी सोलांझबाईंनाही विचारलं. त्यांनाही ते माहीत नव्हतं. पण त्या म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं, म्हणून मी तिला विचारलं असतं. सकाळीही तिने एक शब्द वापरला तो मला कळला नव्हता, मी विचारला." एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला ते आवडलं नाही.

आता महत्त्वाचं. सोलांझबाईंनी कायदा काढून आणला आणि प्रसूतिगृहाच्या संचालकांच्या टेबलावर ठेवला. कायद्यात सोबती आणि डूला असं आहे. दोघंही आत जाऊ शकतात, बाळंतपणात आणि त्यानंतरही. फलकावर 'किंवा' आहे. मी तो फलक अक्षर न् अक्षर तपासला होता. एकही चूक नव्हती.

संचालकांनी कबूल केलं. पण एक अडचण आहे. पहिल्या दिवशी फाटकावरच्या माणसाने सोलांझबाईंचं नाव सोबती म्हणून लिहिलं आहे, आणि बाळंतीण घरी जाईपर्यंत सोबती बदलता येत नाही, असं ते म्हणतात. डूलाची जागा मात्र मोकळी आहे. म्हणजे तुम्ही, सख्खी आई, आई म्हणून भेटीच्या वेळेतच जाऊ शकता. डूला म्हणून पूर्ण वेळ राहू शकता.

सोलांझबाईंच्या गटाने तुमच्या नावाचं ओळखपत्र तयार केलं आहे. नाव मी तपासून घेतलं आहे. फाटकावर हसू नका, भांडू नका आणि माझ्याबद्दल बोलू नका. चेंडूही तिकीटवाल्याकडे ठेवला आहे. तो बरोबर नेलात तर कोणी शंका घेणार नाही.

एदिनेल्सन


प्रसूतिगृह, वॉर्डातून,
३ मे

जावईबापू,

ही चिठ्ठी झाडूवालीबरोबर फाटकावर पाठवते. तू तिथेच असशील, तुझी जागा ती.

तुझा चेंडू घेऊन शहरातून चालत आले. रस्त्यातली पोरं मागे लागली. एक म्हणालं, "आजी, गोल कुठे करणार?" मी म्हटलं, "माझ्या जावयाच्या डोक्यात, तिथे सगळं मैदान मोकळंच आहे."

फाटकावरचा तो दातात काडीवाला म्हणाला, "पुन्हा दुला?"

"पुन्हा."

"तुम्ही जरा वयस्कर दिसता."

"मी जुन्या चालीची डूला आहे."

"शिकलात कुठे?"

"सात बाळंतपणांत. सगळी माझीच." त्याने चेंडू दाबून बघितला, जणू आत भाची-पुतणी लपवली असेल, आणि सोडलं. गळ्यात कार्ड घालून, स्वतःच्या पोरीची परकी बाई होऊन, आत गेले. वॉर्डात सगळ्या मला दोना डूला म्हणतात. एक नर्स कालच म्हणाली, "तुम्ही हिला अगदी आईसारखं करता हो." मी म्हटलं, "ट्रेनिंग आहे, बाई."

इथे येऊन काय केलं म्हणशील तर काही नाही. पोटावर हात ठेवला. डॉक्टरने पाहिलं, नाक वर केलं, पण काढ म्हणाला नाही. ताप त्याच्या इंजेक्शनने उतरला, माझ्या हाताने नाही, एवढी अक्कल मला आहे. मी बसले. पाणी म्हणाली, पाणी दिलं. दुखतं म्हणाली, कुठे दुखतं ते विचारलं. कुठे दुखतं! एवढंच काम आहे रे तुझ्या डूलाचं. आणि एवढं करायला त्या दिवशी या चार मजली इमारतीत कोणी नव्हतं. पलीकडच्या खाटेवरची सोळा वर्षांची पोर आहे, तिचं कोणी येत नाही. ती पण मला हाताने खुणावते, की मलाही विचार. तिलाही विचारते.

तुझ्या सोलांझला मी हसले होते. ते हसणं मागे घेत नाही, चेंडू खरोखरच हास्यास्पद आहे. पण ती रोज येते, सोबती म्हणून, आणि मी डूला म्हणून. आम्ही दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसतो, चुकीच्या नावांनी. बाई वाईट नाही. तिला त्या दिवशी हाकललं नसतं तर पडदा ओढला गेला नसता. हे डॉक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात दोनदा म्हणून झालं आहे.

आता दुसरं. लुसिदेया माझ्याशी बोलते, सोलांझशी बोलते, बाळाशी तर दिवसभर बोलते. तुझं नाव काढलं की भिंतीकडे वळते. भेटीच्या वेळेला तू येतोस तेव्हा झोपल्याचं सोंग करते. मला सोंग कळतं, मी वाढवली आहे तिला. सोलांझला विचारलं, तर म्हणते, "ते तिचं आहे, मी सांगणार नाही." मुरलेली आहे.

म्हणून तुला विचारते. तू मूर्ख आहेस हे मला ठाऊक आहे, मूर्खपणाचा राग असा भिंतीकडे वळत नाही. तू काय केलंस?

ऑस्कारिना


बेलेम, फाटकावरून,
३ मे

दोना ऑस्कारिना यांना,

मी काही केलेलं नाही. ती थकली आहे. बाळंतिणी हळव्या होतात असं नर्सही म्हणाली. घरी आली की ठीक होईल. खोलीला नवा रंग दिला आहे, पाळण्यावर नाव घालायला जागा ठेवली आहे. तिला एवढं सांगा.

'मैदान' हा शब्द तुम्ही बरोबर लिहिला आहे.

एदिनेल्सन


सांता क्वितेरिया,
२१ मे

एदिनेल्सन,

आम्ही आईच्या घरी पोचलो हे तुला बोटवाल्याने सांगितलंच असेल. मुलगी दूध पिते. मी कोंबडीच्या रश्शात कालवलेलं पीठ खाते आणि झोपते. आईच्या घरात सगळ्या बायका येऊन जातात. एक ओरडते, दुसरी धूर करते. मला त्याचाही कंटाळा येतो, पण त्या आत येतात.

तू आईला लिहिलेली पत्रं मी वाचली. आईने दिली नाहीत, मी काढून घेतली. एकही चूक नाही. अक्षर सुंदर. त्यांत जे नाही तेवढं लिहिते.

त्या दिवशी दुपारी कळा आवरेनात तेव्हा सोलांझने माझ्या तोंडाशी तोंड आणून विचारलं, "लुसिदेया, आत्ता इथे तुला कोण हवंय?" इतक्या महिन्यांत हे विचारणारी ती पहिली. आईने विचारलं नाही. तू विचारलं नाहीस. तुम्ही दोघं त्या एका जागेवरून असे भांडलात, जसे बोटीत कुणाचा माल आधी चढवायचा यावरून भांडतात. माल मी.

मी म्हटलं, एदिनेल्सन.

ती म्हणाली, "मग मी बाहेर थांबते, ते आत येतील." ती फाटकावर आली. दातात काडीवाल्याला तिने आधीच पटवलं होतं, तो दुसरीकडे बघणार होता. तुला तिने सांगितलं, की ती तुमचं नाव घेतेय, जा. आणि तू म्हणालास, "फलकावर तसं लिहिलेलं नाही."

हे तू आईला लिहिलं नाहीस. तू लिहिलंस, "त्या एकदा बाहेर आल्या, माझ्याशी थोडं बोलून परत गेल्या. पाऊस येऊन गेला."

सोलांझ आत आली. तिला खोटं बोलता येत नाही. म्हणाली, "ते इथेच आहेत, फाटकाजवळच आहेत." मी तिचा हात धरला. चांगला हात होता. तो पण काढून घेतला त्यांनी.

नंतर पडद्याआड, पोटाचं सांगण्याच्या आधी, मी पुन्हा तुझंच नाव घेतलं. नर्स म्हणाली, "पुरुष इथे येत नाहीत, बाई, दुसरं काही?" म्हणून मग दुसरं सांगितलं. तू आईला लिहिलंस की तिने माझं नाव घेतलं नाही. घेतलं होतं. दोनदा घेतलं.

तू रक्ताला घाबरतोस हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. लपवायची गरज नव्हती. घाबरत आला असतास तरी चाललं असतं. भोवळ येऊन खाटेखाली पडला असतास तरी चाललं असतं. मी वरून बघितलं असतं, की आहे, पडलेला का होईना, आहे. पण तू भीती लपवायला असा सुबक फलक शोधलास की आईसुद्धा फसली. तिला वाटलं, जावई मूर्ख आहे. मूर्खावर मला रागावता आलं नसतं.

सोलांझने विचारलं, डॉक्टरविरुद्ध तक्रार करायची का. मी हो म्हटलं. पडद्याबद्दल, तिला हाकलण्याबद्दल, सगळं सांगणार आहे. पलीकडच्या खाटेवरची ती सोळा वर्षांची पोर पण सांगणार आहे. तुझ्याबद्दल तक्रार करायची जागा त्यांच्याकडे नाही. मी विचारलं होतं. सोलांझ हसली, मी नाही हसले.

मुलीचं नाव ठेवलं. पाळण्यावर घालू नकोस, तुला ते कळवणार नाही. येऊन ऐकायचं असेल तर ऐक. चाळीस दिवस मी इथे आहे, पुढचं पुढे. आई तुला घरात घेईल की नाही हे तिलाही माहीत नाही, पण धक्क्यावर कोणी अडवत नाही.

बोट गुरुवारी सुटते. मी ये म्हणणार नाही. म्हणून झालं आहे.

लुसिदेया